पोटाची, हाताची आणि रात्री अकराची भूक

या वेळचं पत्र ४१ वर्षांच्या एका वाचक बाईंचं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून थोडक्यात सांगते. हिशेब विभागात १६ वर्षांची नोकरी. घरी नवरा, शाळकरी मुलगा आणि वडील. चार वर्षांपूर्वी मातीकामाच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला सहज म्हणून गेल्या आणि "तेव्हापासून हातांना भूक लागल्यासारखं होतं", असं त्या लिहितात. मीटिंग चालू असते आणि टेबलाखाली बोटं गोळा वळत असतात. आता एक वर्षाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम समोर आला आहे, पण त्यासाठी राजीनामा द्यावा लागेल. नवरा म्हणतो, छंद म्हणून कर की. वडिलांनी लहानपणी खरोखरीची उपासमार काढली आहे. ते म्हणाले, "पोट भरलं की असल्या भुका सुचतात. भूक म्हणजे काय ते मला विचार." त्यावर या गप्प झाल्या.

आणखी एक गोष्ट त्यांनी जाता जाता लिहिली आहे. गेलं वर्षभर जेवण झाल्यावरही रात्री अकराच्या सुमारास त्या स्वयंपाकघरात जातात, दिवा न लावता उभ्याउभ्या काहीबाही खातात आणि मग स्वतःचाच राग करतात. पत्राचा शेवट असा: "रात्रीची भूक खोटी आहे हे मला कळतं. मग ही मातीची भूक तरी खरी कशावरून? माझा माझ्या भुकेवरचा विश्वासच उडाला आहे."

ताई,

राजीनाम्याबद्दल तुम्ही दीड पान लिहिलं आहे आणि रात्री अकराबद्दल चार ओळी. मी त्या चार ओळींपासून सुरुवात करते, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे असं मला वाटतं.

रात्रीची भूक खोटी, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? जेवण झालेलं असतं म्हणून. पोट भरलेलं असताना लागते ती भूक नव्हे, असा साधा हिशेब. शास्त्रज्ञांनीही एकेकाळी असाच हिशेब मांडला होता. १९१२ साली वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाचा सहकारी वॉशबर्न याने नळीला जोडलेला फुगा गिळला. पोट आकुंचन पावलं की फुगा दाबला जायचा आणि त्याच सुमारास वॉशबर्नला भुकेची कळ जाणवायची. झालं, भूक म्हणजे पोटाचं आकुंचन! पुढे लक्षात आलं की शस्त्रक्रियेत ज्यांचं जठर काढून टाकलं आहे, अशा माणसांनाही भूक लागते. म्हणजे पोटात कावळे ओरडतात हे खरं, पण त्यांना दाणे कोण टाकतं ते पाहायला मेंदूपर्यंत जावं लागतं. तिथे रक्तातली साखर, चरबीचा साठा, आतड्यांकडून येणारे निरोप, झोप, वेळ, समोरचा वास अशा सगळ्या नोंदी जमा होतात आणि त्यातून एकच शब्द बाहेर पडतो: भूक. तुमच्या भाषेत सांगायचं तर बेरीज तेवढी दिसते, खतावणी दिसत नाही.

म्हणून खतावणी उघडू. तुमच्याच पत्रात दोन नोंदी आहेत आणि त्यांच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही. एक, "दुपारचं जेवण बरेचदा राहूनच जातं." दोन, "पाचला उठावं लागतं" आणि अकराला तर तुम्ही अजून स्वयंपाकघरात असता. दुपारी राहिलेलं जेवण शरीर माफ करत नाही, थकबाकीत टाकतं. झोप कमी पडली की भूक वाढवणारे संकेत जोर धरतात आणि "पुरे" सांगणारे क्षीण होतात, हेही आता बऱ्यापैकी माहीत झालेलं आहे. मग अकरा वाजता उठणारी ती भूक खोटी कशी? तिच्यातला काही भाग तर चक्क दुपारी एकची भूक आहे, दहा तास उशिरा आलेली. उरलेला भाग झोपेचा असेल, कंटाळ्याचा असेल, दिवसभरात स्वतःसाठी काही म्हणजे काहीच न केल्याचा असेल. शरीर लबाडी करत नाही. त्याच्याकडे शब्द कमी आहेत, एवढंच. थकलो, उबगलो, एकटं वाटतंय, या सगळ्यांना ते "काहीतरी खाऊ या" असंच म्हणतं.

करायचं असं. दुपारचं जेवण बुडवायचं नाही, मग मीटिंग पाच मिनिटं उशिरा सुरू झाली तरी चालेल. तरीही रात्री पावलं स्वयंपाकघराकडे वळली तर वळू द्या, फक्त आधी दिवा लावा. मग स्वतःला विचारा: आत्ता समोर काहीतरी गार, साधं, कालचं असेल, तर मी खाईन का? "भुकेला कोंडा, निजेला धोंडा" म्हणतात ना, तीच कसोटी. खरी भूक निवड करत नाही. उत्तर हो आलं तर ताटलीत वाढून घ्या, बसा आणि खा. अपराध्यासारखं उभ्याने खायचं नाही. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. अंधारात घाईघाईने खाल्लं की तो यायच्या आत डबा रिकामा होतो. उत्तर नाही आलं, म्हणजे अमुकच पाहिजे, कुरकुरीतच पाहिजे, गोडच पाहिजे असं वाटलं, तर तो चळ आहे. तोही माणसालाच होतो, त्याचं पाप मानायचं कारण नाही. पण तेव्हा पाणी प्या आणि झोपायला जा. (हे सांगणारी मी स्वतः हे सदर लिहून द्यायची मुदत जवळ आली की दर अर्ध्या तासाने डबे उघडते. तेव्हा उपदेश कोण करतंय हेही लक्षात ठेवा.)

दोन ठिकाणी मात्र सल्ला सदरावर भागवू नका. खाऊनही खा खा सुटत असेल, तहान-लघवी वाढली असेल, वजन आपोआप उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवून साखर आणि थायरॉइड तपासून घ्या. आणि खाताना हात थांबवताच येत नाही, लपवून खावं लागतं, नंतर स्वतःची शिसारी येते असं वरचेवर होत असेल तर तो खाण्याचा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. मन मारणं किंवा कडक डाएट हा उपचार नव्हे, उलट त्याने दुखणं वाढतं.

आता वडील.

त्यांच्या वाक्याने तुम्ही गप्प झालात, कारण त्याला उत्तर नाही असं तुम्हाला वाटलं. उपाशी राहिलेल्या माणसाशी भुकेवर वाद कोण घालणार? वाद घालूच नका. पण त्यांच्या बाजूने एक पुरावा मी देते आणि तो शेवटपर्यंत वाचा.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं आणि युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं हा प्रश्न उभा होता. तेव्हा अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात, अ‍ॅन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले ३६ धडधाकट तरुण स्वखुशीने त्यात उतरले. १९४५ मध्ये २४ आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं. वजन साधारण चौथ्या हिश्शाने उतरलं, पण ते अपेक्षितच होतं. मनाचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. ही आदर्शवादी, शिकलेली मुलं होती. जगाच्या राजकारणावर वाद घालणारी, विद्यापीठातल्या वर्गांना बसायची हौस असलेली. काही महिन्यांत त्यातलं फारसं काही उरलं नाही. वर्ग सुटले, वाद थांबले, मुलींचं आकर्षण मावळलं. हातात पाककृतींची पुस्तकं आली. ताटल्या चाटून पुसल्या जाऊ लागल्या. एक घास कितीतरी वेळ तोंडात घोळवायचा, वाढलेलं चिवडत बसायचं, क्षुल्लक कारणावरून चिडायचं.

म्हणजे वडील म्हणतात ते अक्षरशः खरं आहे. पोटाची भूक बाकीच्या भुका खाऊन टाकते. पण त्यावरून बाकीच्या भुका खोट्या ठरतात का? घरात पूर आला की पुस्तकं भिजतात, म्हणून पुस्तकं ही चैन होती असं आपण म्हणत नाही. त्या ३६ जणांचं पोट भरल्यावर हळूहळू त्यांचे वाद परत आले, हसणं आलं, पुढच्या आयुष्याचे बेत आले. पोट भरलं की असल्या भुका सुचतात, यात मला तरी टोमणा दिसत नाही. पोट भरण्याचा तोच तर उपयोग आहे. आणि तुमचं पोट कुणी भरलं? ज्यांनी हे वाक्य म्हटलं त्यांनीच. ही भूक तुम्हाला लागू शकली, हे त्यांच्या कष्टाचं फळ आहे. त्यांना तसं वाटत नसेल, पण आहे.

आपली भाषा या बाबतीत तुमच्या बाजूने आहे. "भूक" हा शब्द संस्कृत "बुभुक्षा"वरून आला आणि बुभुक्षा म्हणजे खाण्याची इच्छा. जिज्ञासा ही जाणण्याची इच्छा, पिपासा ही पिण्याची इच्छा, मुमुक्षा ही सुटण्याची इच्छा. सगळ्या एकाच साच्यातल्या. म्हणजे ज्या शब्दाला आपण निव्वळ शरीराचा समजतो त्याच्या पोटात मुळातच इच्छा आहे. गरज आधी आणि इच्छा नंतर, अशी दोन वेगळी खाती आपण पाडली. शब्दाने ती पाडलेली नाहीत. करण्याची इच्छा यालाही त्याच साच्यात शब्द आहे, चिकीर्षा. मराठीत तो कुणी वापरत नाही, पण तुमच्या टेबलाखालच्या बोटांना होते ती हीच.

इथवर मी तुमची बाजू घेतली. आता थोडी उलटतपासणी.

तुमची भूक मातीची आहे की राजीनाम्याची?

रागावू नका. पत्रात कार्यशाळेबद्दल जे आलंय ते पुन्हा वाचा. मातीचा गोळा चाकाच्या मध्यावर येईना, दोन्ही कोपर मांड्यांवर टेकवून तुम्ही दाबून धरलात, तो डगडगत राहिला, आणि मग एका क्षणी हातांखाली फिरतोय हेच कळेनासं झालं इतका स्थिर झाला. हे वर्णन चार वर्षांनी लिहिलंय आणि तरी त्यात ओल आहे. पण असं एकच वाक्य आहे. त्यानंतरचं सगळं वर्णन ऑफिसचं: वरिष्ठांचं बोलणं, मार्चअखेर, तेच तेच तक्ते. तुरुंगातल्या माणसाला कुठलंही आकाश सुंदर वाटतं. उद्या ऑफिसमधला जाच थांबला, बढती मिळाली, चांगले सहकारी आले, तरी बोटं गोळा वळतील का? याचं उत्तर मला कळवायची गरज नाही, स्वतःला द्या.

मेंदूवर काम करणाऱ्यांनी एक फरक दाखवून दिला आहे तो इथे कामाला येतो. हवंसं वाटणं आणि आवडणं या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतलं डोपामीन हे रसायन जवळजवळ संपवलेल्या उंदरांवर प्रयोग केले. असे उंदीर अन्न समोर असून त्याच्याकडे जात नाहीत. पण गोड थेंब जिभेवर टाकला की ओठ चाटतात! आवड शाबूत, ओढ गेलेली. माणसात याच्या उलटही होतं: ओढ प्रचंड आणि चव काहीच नाही. फोन शंभरदा उचलतो आपण, आवडतं म्हणून थोडंच? तेव्हा मातीची भूक तपासायची तर मनात चित्र रंगवून तपासता येणार नाही. चित्रात फक्त ओढ असते. ओली, गार, नखात जाणारी माती हातात घेऊनच ती तपासावी लागेल. पाठ दुखते तेव्हा, सातवं भांडं कोसळतं तेव्हा, भट्टीतून तडा गेलेलं निघतं तेव्हा.

चार वर्षांत तुम्ही मातीला पुन्हा हात लावलेला नाही. पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट ही. "करायचं तर पूर्ण, नाहीतर नकोच" असं तुम्ही म्हणता. भुकेच्या बाबतीत हे तत्त्व फार घातक आहे. त्या ३६ जणांकडे परत जाऊ. अर्धपोटीचे महिने संपले आणि भरपूर खायला मिळू लागलं, तेव्हा कित्येक जण पोट तडस लागेपर्यंत खात आणि तरी भूक शमली नाही म्हणत. उपाशी राहिलेल्याला आपल्या भुकेचं माप कळत नाही. तुम्ही मातीसाठी चार वर्षं उपाशी आहात. अशा अवस्थेत समोर एक वर्षाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आला की तो सगळाच्या सगळा ताटात घ्यावासा वाटणार. भुकेल्या पोटी बाजारात जाऊ नये, पिशवी नको तितकी भरते.

म्हणून माझं मत: या वर्षी राजीनामा देऊ नका. आणि नवरा म्हणतो तसं "छंद म्हणून"ही करू नका. छंद म्हटलं की तो सगळ्यात आधी रद्द होतो, मुलाची परीक्षा आली की, पाहुणे आले की. जेवणाच्या वेळेसारखी वेळ ठरवा. आठवड्यात दोन संध्याकाळी, ठरलेल्या तासाला, चाक असलेल्या कुठल्याही शिकवणाऱ्याकडे. ठरलेल्या तासाचा आग्रह का, तर शरीर तसंच शिकतं. भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधून काढलं. ते रक्तात आपल्या नेहमीच्या जेवणवेळेच्या आधी वाढतं. ती वेळ न जेवता गेली तर काही वेळाने पुन्हा उतरतंही. "भूक मरते" म्हणतो आपण ते हेच. रोजची वेळ बदलली की काही दिवसांत भूकही नव्या वेळेला हजर होते. हातांच्या भुकेला घ्रेलिन नसेल, पण सवय तिलाही लागते. मंगळवारी सहाला माती मिळते हे हातांना एकदा कळलं की मीटिंगमध्ये बोटं शांत होतील. किंवा होणार नाहीत, आणि तेही कळलेलं बरं.

सहा महिने असे काढा. पोटाची आणि हाताची भूक एका बाबतीत अगदी उलट वागते, त्यावर लक्ष ठेवा. पोटाची भूक खाल्लं की भागते. करण्याची, शिकण्याची भूक भरवली की वाढते आणि उपाशी ठेवली की काही काळ छळून गुपचूप मरते. सहा महिन्यांत ती वाढली, कोसळलेल्या भांड्यांसकट वाढली, तर पुढच्या वर्षी बिनपगारी रजा मागा आणि ती नाकारली तर राजीनाम्याचं बोला. तोवर दरमहा पगारातला ठरावीक हिस्सा वेगळा ठेवा, म्हणजे वर्षभराच्या घरखर्चाची तजवीज होईल. हे तुम्हाला मी काय शिकवणार, तक्ता तुम्हीच माझ्यापेक्षा चांगला कराल. भूक कमी झाली तर लाजायचं कारण नाही. ऑफिस बदलायची गरज होती, ती मातीचं नाव घेऊन आली होती, एवढंच निघेल. तेव्हा दुसरी नोकरी शोधा.

तुमच्यासारखीच पत्रं मला गाण्यावरून, उशिरा घेतलेल्या पदवीवरून, एकट्याने प्रवास करण्यावरून येतात. त्यांनाही यातला सहा महिन्यांचा भाग जसाच्या तसा लागू आहे. पैशाच्या आणि कीर्तीच्या भुकेवाल्यांना मात्र नाही. तिथे वाढली म्हणजे खरी हा नियम उलटा पडतो, पण तो विषय पुन्हा कधी.

वडिलांशी बोलायचं राहिलं. तुमची भूक त्यांना पटवून द्यायला जाऊ नका. त्यांना त्यांची विचारा. त्या दिवसांत काय खायला मिळत नव्हतं ते तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. त्यापेक्षा असं विचारा की, बाबा, तेव्हा पोटाची ददात नसती तर तुम्हाला काय करायचं होतं? हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसेल. लगेच उत्तर येणार नाही, कदाचित "काही नाही" म्हणून उठूनही जातील. घाई करू नका. पहिल्या मंगळवारी घरी जाताना एखादं वेडंवाकडं, न भाजलेलं भांडं सोबत न्या आणि त्यांच्या हातात द्या, जपून धरा म्हणावं, ओलं आहे.